कॅबिनेट थंड हवे, शांतही हवे



आपल्या शाळेच्या संगणक कक्षासाठी २० नवे संगणक घेण्याचे ठरले आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. दरपत्रके आली आहेत. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क केवढी, मॉनिटर किती इंची, अशी ओळीने माहिती प्रत्येक पत्रकात आहे. खाली कुठेतरी एक ओळ येते, 'कॅबिनेट – स्टँडर्ड'. बस, एवढेच. त्या ओळीकडे कोणी पाहत नाही, तिच्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. मला आज त्याच ओळीबद्दल चार शब्द लिहायचे आहेत.

माझे मत सुरुवातीलाच सांगते, म्हणजे ज्यांना पुढचे वाचायला वेळ नाही त्यांनाही ते कळेल. कॅबिनेट शांत असावे आणि आतले यंत्र थंड ठेवणारे असावे, या दोन अटी आपण खरेदीच्या कागदावर लेखी घालाव्यात. त्यासाठी २० ऐवजी १९ संगणक घ्यावे लागले तरी चालेल.

डबा कशासाठी असतो?

ज्याला आपण सगळे बोलताना 'सीपीयू' म्हणतो, तो खरे तर नुसता डबा असतो. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, तो आत मदरबोर्डवर बसवलेला तळहातापेक्षा लहान तुकडा. बाहेरचा पत्र्याचा डबा म्हणजे कॅबिनेट. तो गणित करत नाही, चित्र दाखवत नाही, काही लक्षात ठेवत नाही. म्हणून तो स्वस्तातला घेतला तरी काय बिघडते, असे सहज वाटते.

पण संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. साधे काम करणारा एक संगणक मॉनिटरसह सुमारे ८० वॉट घेतो असे धरू. २० संगणकांचे झाले १६०० वॉट. म्हणजे एका बंद खोलीत दीड हजार वॉटचा हीटर लावून आपण मुलांना बसवतो. थंडीत हे बरे वाटेल. आपल्या ग्वाल्हेरात एप्रिलमध्ये आणि पुन्हा जून-जुलैत काय होत असेल, ते सांगायला नको.

ही उष्णता आधी डब्याच्या आत साठते आणि तिथून तिला बाहेर काढण्याचे काम हवा करते. ताशी ५० घनमीटर हवा डब्यातून खेळत असेल आणि आत १०० वॉट उष्णता निर्माण होत असेल, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा सुमारे ६ अंशांनी गरम असते. हवा निम्मी झाली की हा फरक १२ अंशांवर जातो. खोलीतच ४० अंश असतील तर डब्यात ५२ झाले. प्रोसेसर त्यातही तग धरतो. फार तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो, आणि मुले म्हणतात, "मॅडम, कम्प्यूटर स्लो चालतोय." फिरत्या तबकडीच्या बहुतेक हार्ड डिस्कना मात्र ६० अंश ही वरची मर्यादा दिलेली असते. मदरबोर्डवरच्या आणि पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल ढोबळ नियम असा आहे की, तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे कोंदट डबा आज काही मोडत नाही, तो हळूहळू खातो. तीन वर्षांनी यंत्रे एकामागून एक बंद पडू लागली की आपण कंपनीला दोष देतो. डब्याचे नाव कोणी काढत नाही.

आवाजाची बेरीज

आता दुसरी बाजू. स्वस्त डब्यात बहुधा एकच छोटा पंखा असतो, ८० मिलिमीटरचा. तो वेगाने फिरतो आणि कण्हतो. वर डब्याचा पत्रा पातळ, म्हणून तोही पंख्याबरोबर थरथरतो. दुकानात एक यंत्र लावून दाखवतात तेव्हा बाहेर रस्त्याचा गलबला असतो, त्यात हे काही ऐकू येत नाही. घरी एक यंत्र असले तरी माणूस ते चालवून घेतो. शाळेची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे २० यंत्रे एका खोलीत एकाच वेळी चालतात.

डेसिबलची बेरीज साध्या बेरजेसारखी होत नाही. सारख्या आवाजाची दोन यंत्रे एकत्र आली की ३ डेसिबल वाढतात, १० यंत्रे आली की १० आणि २० आली की १३. एका यंत्राचा आवाज कानापाशी ३८ डेसिबल असेल तर तेवढ्याच अंतरावरच्या २० यंत्रांचा ५१ होतो. खोलीत यंत्रे लांब-जवळ विखुरलेली असतात म्हणून हिशेब अगदी एवढाच येत नाही, पण दिशा हीच असते. दर १० डेसिबलला कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो, हेही लक्षात घ्यावे.

या आकड्यांना मोजपट्टी लावून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शक मर्यादेत, वर्ग चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा असे म्हटले आहे. आपल्या देशाच्या ध्वनिप्रदूषण नियमांत, २००० साली, शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५० डेसिबल ठरवली गेली. म्हणजे शाळेबाहेर मिरवणुकीचा भोंगा वाजला तर तक्रार करायची सोय आहे. त्या मर्यादेएवढा आवाज आपण आपल्याच पैशाने विकत आणून खोलीत मांडला तर तक्रार कोणाकडे करायची?

शिक्षकाचे साधे बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते आणि मागच्या बाकापर्यंत पोचताना ते बरेच कमी होते. मुलांना शब्द नीट कळायचे असतील तर शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलनी वर असावा, असे श्रवणशास्त्र सांगते. पार्श्वभूमीतच ५० डेसिबल असतील तर शिक्षकाने ओरडावे तरी किती? दिवसाला पाच तासिका घेणाऱ्या शिक्षकाच्या गळ्याचा विचारही आपणच करायचा आहे.

आपल्या मुलांचे वेगळे काय?

कोणी म्हणेल, थोडा घरघर आवाज असला तर मुले काही बहिरी होत नाहीत. खरे आहे, होत नाहीत. पण आपली शाळा मराठी माणसांनी परप्रांतात चालवलेली शाळा आहे, आणि इथे प्रश्न थोडा अधिक नाजूक आहे.

आपली मुले घराबाहेर पडली की हिंदीत बोलतात. पुष्कळ घरांत आता घरातही हिंदीच चालते. त्यात दोष कोणाचा नाही. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पुस्तकांनी मला 'ळ' दिला नाही, तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून कानांनी मिळाला. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. म्हणून आपली मुले 'शाला', 'फल', 'काला' म्हणतात आणि तसेच लिहितात. मराठीत मात्र मूळ आणि मूल वेगळे, वेळ आणि वेल वेगळी, गाळ आणि गाल वेगळा.

संगणक कक्षात आपण देवनागरी टंकलेखन शिकवतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ल' आणि 'ळ' एकाच कळीवर आहेत. नुसती कळ दाबली की ल, शिफ्ट धरून दाबली की ळ. शिक्षिका श्रुतलेखन घालतात तेव्हा शिफ्ट दाबायची की नाही, हे मुलाच्या कानाला ठरवायचे असते. 'वेळ' आणि 'वेल' यांतला फरक बारीक आणि क्षणभराचा असतो. गोंगाटात स्वर टिकतात, व्यंजने आधी बुडतात. ज्याची भाषा घट्ट झालेली आहे तो मोठा माणूस बुडालेले व्यंजन अंदाजाने भरून काढतो. मुलाला ते तेवढे जमत नाही. आणि जी भाषा आपली रोजची नव्हे, तिचे बोलणे गोंगाटात ऐकायला अधिक जड जाते, हेही अभ्यासांतून दिसून आलेले आहे. आपली मुले या दोन्ही गटांत बसतात. वयाने लहान, आणि मराठी त्यांच्या कानावर पडते ती दिवसातून काही तास, तीही बरीचशी या शाळेतच. त्या थोड्या तासांवर पत्र्याच्या डब्याने घाला घालावा, हे मला पटत नाही.

हे ग्वाल्हेर आहे. गाण्याच्या घराण्याचे गाव आहे. तंबोरा जुळवताना शेजारी कोणी भांडे आपटले तर चालत नाही, हे इथल्या मुलांना शिकवावे लागत नाही. भाषेच्या तासालाही तीच शिस्त लागू आहे.

थंड आणि शांत यांचे भांडण आहे का?

सर्वसाधारण समज असा आहे की, थंड ठेवायचे तर पंखे जोरात फिरवा, म्हणजे आवाज होणार, आणि शांत हवे तर डबा बंद करा, म्हणजे आत उकडणार. हा समज अर्धवट आहे. दोन्ही गोष्टी एकत्र साधतात आणि त्यामागचे तत्त्व आठवीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे.

पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट येते, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलनी वाढतो. तोच वेग ठेवून तसाच दुसरा पंखा शेजारी लावला, तरीही हवा जवळपास दुप्पट मिळते आणि आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनी. यातला फायद्याचा मार्ग कोणता, ते सांगायला नको. पंखा मोठा घेतला तर आणखी बरे. १२० मिलिमीटरच्या पंख्याचा घेर ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोनपट क्षेत्र व्यापतो. तो संथ फिरूनही तेवढीच हवा ढकलतो आणि संथ फिरतो म्हणून गुपचूप ढकलतो.

दुसरी गोष्ट वाटेची. आपल्याकडे घरोघरी वाळ्याचे कूलर आहेत. कूलर लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली, तर कूलर कितीही मोठा असो, खोली दमट होते, गार होत नाही. आलेल्या हवेला जायला वाट लागते. लष्करमधल्या जुन्या वाड्यांत खाली दार आणि वर रोशनदान असे, त्याचे कारणही हेच. कॅबिनेट हे असेच एक लहान घर समजा. पुढून खालच्या अंगाने गार हवा आत यावी, वाटेत डिस्क, मेमरी, प्रोसेसर यांना शिवावी आणि मागून वरच्या अंगाने निघून जावी. वाटेत तारांचा गुंता नको, पुढे काचेची भिंत नको. वाट मोकळी असली की संथ पंखाही पुरतो. वाट कोंडली की जोराचा पंखाही नुसता ओरडतो.

विद्यार्थी मित्रांनो, हल्ली पुढे काच आणि आत रंगीबेरंगी दिवे असलेली कॅबिनेट तुम्हाला आवडतात, हे मला माहीत आहे. दिसतात छान. पण दिव्यांनी हवा गार होत नाही, आणि पुढची काच नेमकी गार हवेच्या वाटेत उभी असते. काही डब्यांत आतून स्पंज किंवा डांबरी चादर चिकटवून आवाज दाबतात. तो उपाय वाईट नाही, पण दुय्यम आहे. आवाज मुळात कमी निर्माण होणे हे पहिले.

शांत डब्याची कल्पना नवी नाही. २००३ च्या सुमारास अँटेक कंपनीचे सोनाटा नावाचे कॅबिनेट आले, त्यात मागे १२० मिलिमीटरचा संथ पंखा होता आणि हार्ड डिस्क रबराच्या बुचांवर बसवलेली होती, म्हणजे तिची थरथर पत्र्यात उतरू नये. त्यानंतर २००४ मध्ये पेंटियम-४ चे काही प्रोसेसर १०० वॉटच्याही पुढे गेले आणि हवेच्या वाटेचा विचार करणे सर्वांनाच भाग पडले. आज डिस्क बहुधा एसएसडी असते, ती फिरत नाही, आवाज करत नाही. आपले काम त्या मानाने सोपे झाले आहे.

कोणत्या अटी घालाव्यात?

माझ्या मते दरपत्रकातल्या 'स्टँडर्ड' या शब्दाच्या जागी पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात.

१. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची असावी, सपाट काच किंवा बंद प्लास्टिक नसावे.

२. १२० मिलिमीटरचे निदान दोन पंखे असावेत, एक पुढे हवा आत घेणारा आणि एक मागे बाहेर टाकणारा. ते चार पिनांचे असावेत, म्हणजे तापमान पाहून मदरबोर्ड त्यांचा वेग कमी-जास्त करू शकेल. बायॉसमध्ये ही सोय चालू करून द्यावी.

३. हवा आत येते तिथे धूळ अडवणारी जाळी असावी आणि ती स्क्रू न काढता ओढून धुता यावी. आपल्याकडे मे-जूनमध्ये आंधी येते तेव्हा किती धूळ शिरते, ते सर्वांना माहीत आहे. बाहेर टाकण्यापेक्षा आत घेणारी हवा थोडी जास्त ठेवली तर धूळ फटीफटींतून न शिरता या जाळीतूनच येते आणि तिथेच अडते.

४. पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ नको. बाजूचे झाकण अंगठ्याने दाबून पाहावे, पत्रा आत-बाहेर 'टक्-टक्' करत असेल तर तो पुढे वाजणार.

५. तारा मदरबोर्डच्या मागून नेण्याइतकी जागा असावी.

६. पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळालेला नसावा. तो वेगळा, ८० प्लस प्रमाणपत्राचा असावा. २००४ मध्ये सुरू झालेल्या या प्रमाणपत्राचा साधा अर्थ असा की, घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के कामाला लागते. उरलेली उष्णता होते, म्हणून हा आकडा जितका वर तितका डबा गार.

७. मदरबोर्ड बसवायची भोके प्रमाणित, म्हणजे एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स मापाची असावीत.

शेवटच्या अटीचा अर्थ विश्वस्त मंडळींनी विशेष लक्षात घ्यावा. एटीएक्स हे माप १९९५ पासून चालत आले आहे. प्रोसेसर चार-पाच वर्षांत जुना होतो, पण या मापाचा चांगला डबा जुना होत नाही. पुढच्या वेळी आतला मदरबोर्ड बदलला तरी डबा, पंखे, जाळ्या त्याच राहतात. संगणकाच्या सगळ्या भागांत दोन पिढ्यांना पुरेल असा बहुधा हाच एक भाग आहे, आणि सगळ्यात कमी पैसे आपण त्याच्यावर टाकतो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. आपल्याकडे आलेल्या दरांत साध्या आणि चांगल्या कॅबिनेटमध्ये पंख्यांसह यंत्रामागे सुमारे २००० रुपयांचा फरक आहे. संगणक साधारण ३५,००० चा धरला तर २० संगणकांचे ७,००,००० होतात. चांगल्या कॅबिनेटसह १९ संगणकांचे होतात ७,०३,०००. म्हणजे जवळजवळ त्याच पैशात एक यंत्र कमी येते. एका यंत्रावर दोन मुले बसवावी लागतील, हे मान्य. पाळीपाळीने ते जमवता येईल. पण ४० कान दिवसभर घरघर ऐकत बसतील, त्याला पाळी लावता येत नाही.

दुसरा आक्षेप, कूलर आणि छताचे पंखे चालू असताना कॅबिनेटच्या आवाजाचे काय घेऊन बसलात? उन्हाळ्यात हे बरेच खरे आहे. पण कूलर वर्षातले थोडे महिने चालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखेही बंद असतात, खिडक्या लावलेल्या असतात आणि अभ्यासाचा खरा भर त्याच दिवसांत असतो. तेव्हा खोलीत आवाज असतो तो फक्त यंत्रांचा.

तिसरा आक्षेप काही सुशिक्षित पालकांचा आहे. कॅबिनेट हवेच कशाला, लॅपटॉप किंवा पुस्तकाएवढे मिनी पीसी घ्या. ते शांत असतात, वीज कमी खातात, हे बरोबर आहे, आणि जिथे जागा कमी आहे तिथे मीही तेच सुचवीन. पण त्यांचे भाग बहुधा आपापल्या मापाचे असतात, एक बिघडला तर गावातल्या कारागिराला तो सहजी मिळत नाही. शिवाय नववी-दहावीच्या मुलांनी झाकण उघडून मेमरी कुठे बसते, पंखा कोणत्या दिशेला फुंकतो, हे हाताने पाहावे असे मला वाटते. मोठ्या डब्यात ते शिकवता येते.

चौथे, एसी लावा म्हणजे प्रश्न मिटेल, असेही सुचवले गेले. एसीने खोली गार होईल, पण कोंदट डब्यातली वाट मोकळी होणार नाही आणि वीजबिल दर महिन्याला येईल. आधी डबा सुधारावा, मग खोलीच्या रोशनदानात एक एक्झॉस्ट पंखा बसवावा. डब्याबाहेर आलेली उष्णता खोलीबाहेरही जायला हवी. त्यानंतर गरज उरली तर एसीचा विचार व्हावा.

घेतल्यानंतर

चांगले कॅबिनेट आणून ते चुकीच्या जागी ठेवले तर सगळे पैसे वाया जातील. सुतार संगणकाच्या टेबलाला खाली 'सीपीयूचा खण' करून देतात, तिन्ही बाजूंनी बंद. त्यात यंत्र स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढत बसते. नव्या टेबलांना हा खण मागून उघडा हवा आणि डब्यामागे वीतभर जागा हवी. डबा जमिनीवर नको, चार-सहा इंच वर हवा, कारण धूळ जमिनीलगत जास्त असते. कूलरचा ओला झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये. आणि प्लास्टिकची आवरणे यंत्र बंद करून गार झाल्यावरच घालावीत.

धूळ काढण्याचे काम विद्यार्थ्यांच्या गटांकडे द्यावे अशी माझी इच्छा आहे. महिन्यातून एकदा जाळ्या काढून धुणे व पूर्ण वाळवून बसवणे, आणि वर्षातून दोनदा, आंधीचे दिवस सरल्यावर एकदा व दिवाळीच्या सफाईत एकदा, शिक्षकांसमोर ब्लोअर मारणे. त्या वेळी प्लग काढलेला असावा आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे हवेच्या झोताने ते भरमसाट फिरून खराब होणार नाही. विज्ञानाच्या तासाला पातळ कागदाची पट्टी जाळीपुढे धरून पाहा. पुढे ती जाळीला चिकटली पाहिजे, मागे बाहेर फडफडली पाहिजे. एखादा पंखा उलटा बसवलेला असेल तर कागदाची पट्टी लगेच सांगेल.

एक परीक्षा

विश्वस्त मंडळाला माझी एकच विनंती आहे. करार करण्यापूर्वी विक्रेत्याकडून नमुन्याची दोन-तीन यंत्रे मागवावीत. भर दुपारी, कक्षाची दारे लावून, ती तासभर काम देऊन चालवावीत आणि प्रोसेसरचे तापमान लिहून घ्यावे. मोबाइलवर आवाज मोजणारी अॅप मिळतात, त्यांचा आकडा अगदी अचूक नसला तरी दोन यंत्रांची तुलना करायला पुरतो. आणि मग शेवटच्या बाकावर सहावीची चार मुले बसवून, पुढून साध्या आवाजात दहा शब्दांचे श्रुतलेखन घालावे: मूळ, मूल, वेळ, वेल, गाळ, गाल, मन, मण, खान, खाण. आधी यंत्रे बंद ठेवून, मग चालू करून. दोन वेळच्या वह्या शेजारी ठेवून विश्वस्तांनी स्वतः पाहाव्यात.

त्या वह्यांत फरक दिसला नाही तर खुशाल स्वस्त कॅबिनेट घ्यावीत, मी एक शब्दही बोलणार नाही. फरक दिसला, तर दरपत्रकातली ती ओळ बदलून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.